गोळ्यांचा वानवळा

आमच्या गल्लीत माणसं खोकल्यावरून ओळखू यायची. कोपऱ्यावरची शेवंताबाई घशातल्या घशात, चोरी करावी तशी खोकायची. तिच्यासमोर राहणारा गणपतबाबा एकदा लागला की कारखान्याच्या भोंग्यासारखा लांबवायचा. आणि आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या नरसाबाईचा खोकला कोरडा, तुटक, सुतारानं खिळा ठोकावा तसा. पहाटे नळाला पाणी येण्याआधी हे खोकले उठायचे, मग माणसं उठायची, मग बादल्यांची आदळआपट. पारनेरहून मामा आला की पहिल्या दिवशी अस्वस्थ व्हायचा, म्हणायचा, "आक्के, ही गल्ली हाय का दवाखाना?" आई हसायची. विड्यांची गल्ली म्हटली की तंबाखू आला, तंबाखू आला की त्याची धूळ आली आणि धूळ आली की खोकला आलाच. तंबाखूचा खोकला. या दोन शब्दांत सगळं मिटायचं. त्या खोकल्यानं आमच्या गल्लीतून किती माणसं उचलली याची मोजदाद कुणी केली नाही. करणार कोण होतं? मेलेलं माणूस आमचं, खांदेकरी आमचे, आणि नगरपालिकेला त्यातलं काय कळत होतं? गटार तुंबलेलं वर्ष-वर्ष कळत नव्हतं तिला.

आम्ही मूळचे पारनेरकडचे. शेत होतं, पण त्यात ज्वारीपेक्षा दगड जास्त यायचे. ते चुलत्याच्या हवाली करून तात्या, म्हणजे माझे वडील, नगरला आले. नागापूरला तेव्हा नवे नवे कारखाने उभे राहत होते, त्यातल्या एका वर्कशॉपात त्यांना हेल्परचं काम लागलं. सायकलवर डबा अडकवून ते सकाळी निघायचे आणि अंगाला लोखंडाचा वास घेऊन परत यायचे. दिल्ली दरवाज्याच्या, म्हणजे शहराच्या जुन्या वेशीच्या, आतल्या बाजूला एका बोळात आम्हाला दीड खोली मिळाली. खुरपणी-वेचणीत वाढलेल्या आईला शहरात काय काम येणार? भिंतीपलीकडच्या नरसाबाईनं पहिल्याच आठवड्यात तिला समोर बसवलं, मांडीवर सूप दिलं, सुपात तंबाखू ओतला आणि म्हणाली, "आक्का, खुरपं धरलेला हात आहे, विडी काय जड नाही." ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं कशी मऊ ठेवायची, पत्र्याच्या मापावर कात्रीनं कशी कापायची, तंबाखू चिमटीत किती घ्यायचा, नखानं तोंड कसं दुमडायचं, दोऱ्याचा फास कसा टाकायचा, सगळं तिनं शिकवलं. आईच्या सुरुवातीच्या विड्या विडी-कारखान्यावरचा चेकर मूठ-मूठ उचलून बाजूला टाकायचा, तर ही आपल्या चांगल्या विड्या आईच्या टोपलीत सरकवायची. नरसाबाई पद्मशाली. घरात तेलुगू बोलायची, आमच्याशी मराठी. नवरा कधीचाच गेलेला, एक मुलगी, पुष्पा, माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठी. तिच्या घरचं चिंचेचं आंबट तिखटजाळ सार आमच्या भाकरीवर यायचं आणि आमच्या हुलग्याचे शेंगुळे तिच्या भातावर जायचे.

वानवळा हा आमच्या घरातला धर्म होता. देवपूजा एखाद्या दिवशी राहिली तर चालायचं. पारनेरहून वाटाण्याच्या शेंगांचं गाठोडं यायचं, ते सोडलं की आई आधी वाट्या मांडायची. ही नरसाची, ही शेवंताची, ही गणपतबाबाची. आम्ही भावंडं तोंडाला पाणी सुटून बघत बसायचो. "आमच्यासाठी राहील का काही?" असं मी विचारलं की ती म्हणायची, "एकट्यानं खाल्लेलं अंगाला लागत न्हाई, सुमे." मी सांगतेय त्या दुष्काळाच्या वर्षी पाऊस गेला होता. रेशनवर ती तांबडी मिलो, अमेरिकेची ज्वारी, मिळायची, तिच्या भाकरीला चव ना ढव, थापताना तुटायची. तिचासुद्धा तुकडा भिंतीपलीकडे जायचा आणि तिकडूनही तसलाच तुकडा यायचा. एकाच दुकानातल्या एकाच धान्याची भाकरी दोन घरांत अदलाबदल होताना मी पाहिलेली आहे. हसू येतं ना? मलाही यायचं.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि एका तरुणांच्या गटात सामील झाले होते. आम्ही पत्रकं काढायचो. स्टेन्सिल कापायची, सायक्लोस्टाईलचं हँडल फिरवायचं, बोटं शाईनं काळी करून चौकात उभं राहायचं. दुष्काळी कामांवरची मजुरी, रेशनचा काळाबाजार, कसेल त्याची जमीन, जे समोर येईल त्यावर पत्रक. त्या वयात मी बोलतच नसे, घोषणा देत असे. जेवताना तात्या म्हणायचे, "सुमे, मीठ वाढा म्हनायला बी तुला पत्रक काढावं लागतं का गं?" मी रागावायचे. आजही मला कुणी सांगितलं की जरा हळू बोला, की मी रागावतेच. हळू बोलून या शहरात कुणाला काय मिळालं, ते मला एकदा दाखवा.

आई बारीक व्हायला लागली ते आम्हा कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण त्या वर्षी सगळेच बारीक होत होते. संध्याकाळी तिला कणकण यायची. चुलीपुढं बसल्यामुळे अंग गरम असेल, असं तीच सांगायची. एके दिवशी मी मोरीत हात धुवायला गेले तर राखेखाली लाल दिसलं. "आई, पान खाल्लं होतंस?" मी विचारलं. आईनं जन्मात पान खाल्लं नव्हतं. तिनं तांब्या घेतला आणि राख, लाल, सगळं एकदम ओतून टाकलं. त्या तांब्याच्या आवाजानं मला कळलं.

त्याच सुमाराला माझी वर्गमैत्रीण शैला मला तिच्या घरी घेऊन गेली होती. शैलाचं घर सावेडीत. दिल्ली दरवाज्यातून बाहेर पडलं की पुढं रस्ता मोकळा व्हायचा, शेतं लागायची आणि त्या शेतांच्या कडेनं नवे बंगले उठत होते. चालत गेलं तर अंग घामेजतही नसे, इतकं जवळ. तिचे वडील वकील. ते मागच्या खोलीत पडून होते. त्यांची कपबशी निराळी, टॉवेल निराळा, त्यांच्या चमच्याला उकळतं पाणी, खिडकीला दोन्ही बाजूंनी वारा. सकाळी अंडं, दुपारी मोसंबी, रात्री दूध. डॉक्टर स्कूटरवरून घरी यायचे. "बाबांना काय झालंय?" मी विचारलं. शैलाच्या आईनंच उत्तर दिलं, "काही नाही गं, थकवा आहे जरा." फळीवर औषधं मांडून ठेवलेली होती. त्यांच्यातली एक बाटली मी वाचली आणि नाव लक्षात ठेवलं. पुढं आईला सरकारी दवाखान्यातून जी पुडी मिळाली, तिच्यावर कंपाउंडरनं तेच नाव लिहिलेलं होतं. दरवाज्याबाहेर ज्याला थकवा म्हणत होते, त्याला दरवाज्याच्या आत आम्ही तंबाखूचा खोकला म्हणत होतो. खरं नाव दोन्हीकडे कुणी घेत नव्हतं. फरक इतकाच, की तिकडे नाव न घेता औषध चालू होतं. वकीलसाहेब दिवाळीत कोटाची बटणं लावून कोर्टात जायला लागले. मला त्यांच्याबद्दल राग नाही. माणूस बरा झाला याचा राग कशाला? राग आहे तो दुसऱ्या गोष्टीचा, आणि तो अजून गेलेला नाही.

आईला मी जवळजवळ ओढतच छातीच्या दवाखान्यात नेलं. लोक त्याला तसंच म्हणायचे. बाहेर लाकडी बाक, त्याच्यावर बसलेल्या प्रत्येकीनं पदर तोंडावर ओढलेला. फोटो झाला, थुंकीची डबी झाली, आणि डॉक्टरांनी क्षय असल्याचं सांगितलं. आधी सुया, रोज जाऊन घ्यायच्या. मग गोळ्या, महिन्याची पुडी एकदम. सुयांचे दिवस सरता सरता आईचा ताप गेला, ती दोन घास जास्त खायला लागली, तात्यांनी कुठूनतरी अंडी आणली. मला वाटलं, जिंकलो. पण गोळ्यांवर आली आणि पावसाळा सरेपर्यंत पुन्हा संध्याकाळची कणकण सुरू झाली. वजन जागचं हलेना.

डॉक्टर म्हणाले, "बाई, गोळ्या रोज घेता का?"

"व्हय."

"सगळ्या?"

"पुडी सपती की दर महिन्याला," आई म्हणाली. आणि हे खरं होतं. आई खोटं बोलायची नाही.

"संपते तर मग गुण का येत नाही? फेकून देता तुम्ही लोक. बरं वाटलं की औषध उकिरड्यावर."

'तुम्ही लोक' ऐकलं आणि माझं टाळकं सरकलं. मी तिथंच सुरू झाले. तुम्ही लोक म्हणजे कोण लोक, सावेडीतल्या रुग्णाला असं बोलाल का, त्यांच्या घरी जाऊन बोलाल का, वगैरे. बाकावरच्या बायकांनी पदराआडून बघितलं. डॉक्टर तरुणच होते, डोळ्यांखाली काळं आलेलं, समोर रांग संपत नव्हती. ते फक्त म्हणाले, "पुढचा पेशंट पाठवा." बाहेर आल्यावर आई म्हणाली, "त्या बिचाऱ्याला कशाला गं बोललीस? त्यानं काय केलं?"

नंतर चार-आठ दिवसांतच कॉलेज लवकर सुटलं आणि मी भरदुपारी घरी आले. आई उंबऱ्याच्या आत बसली होती. पुढ्यात सूप नव्हतं. कागदाची पुडी उघडलेली, आणि ती गोळ्या वेगळ्या करत होती. एक इकडे, एक तिकडे. दोन वाट्या. त्यातल्या एका वाटीवर तिनं विडीचं पान झाकण म्हणून ठेवलं, तिखट-मिठाच्या वाटीवर ठेवावं तसं.

"हे काय?"

"नरसाचं."

"कधीपासून?"

"पहिल्या पुडीपासनं. तिचा खोकला आइकती न्हवं तू? भिंतीला कान लावायला लागत न्हाई."

"आई! औषध आहे ते! शेंगुळे नाहीत!"

"मंग? शेंगुळं द्यायचं आन् औशीद न्हाई द्यायचं? ही कुटली रीत?"

"अगं, अर्ध्यानं तूही बरी होणार नाहीस आणि तीही!"

"थोडं थोडं दोघीबी बऱ्या हू." तिनं दुसरी वाटी फळीवर सरकवली. "चौकात हुबी राहून तूच तर वरडती, वाटून खा, वाटून खा म्हनून."

"ते मी जमिनीचं म्हणते!"

"जमीन काय माज्याजवळ हाय वाटाया? जे हाय ते वाटलं."

मी खाली बसले. तेवढ्यात आईनं आणखी सांगितलं, अगदी सहज, कौतुकानं, की नरसा त्यातली एखादी कधीमधी गणपतबाबालाही देते, त्याचं लईच हाल बघवत न्हाई म्हणून. म्हणजे एका बाईचं औषध तीन माणसांच्या पोटात जात होतं. आज या गोष्टीवर मला कुणी शहाणपणानं सांगतं की गरिबांमध्ये अज्ञान फार. अज्ञान? ज्या घरात कप निराळा करायला दुसरा कप नव्हता, त्या घरातली रीत होती ती. ती रीत नसती तर आम्ही नगरला आल्यावर पहिल्याच महिन्यात उपाशी मेलो असतो.

मी तशीच उठून भिंतीपलीकडे नरसाबाईच्या घरी गेले. ती सूप मांडीवर घेऊन बसली होती, बोटं चालूच. मी दवाखान्याचं बोलायला लागले तसा पुष्पानं उठून दरवाजा लोटून घेतला.

"हळू बोल, सुमन," नरसाबाई म्हणाली. "पुष्पीचं सोलापूरला जमतंय. माणसं येऊन पोरगी बघून गेली."

"मावशी, औषध फुकट मिळतं. तुमचं तुम्हाला मिळेल."

"औषध मिळेल गं. त्या बाकावर बसले की सगळ्या नगराला कळेल. क्षयाच्या घरातली पोर कोण नेतो? लग्न होऊ दे, मग मी तुझ्या त्या बाकावर झोपते, मग तर झालं?"

"आणि तोवर?"

"तोवर आक्का देते ना," ती म्हणाली, आणि लाजल्यासारखी हसली. तिला वाटत होतं की आईला भरपूर मिळतात, त्यातल्या थोड्या ती देते. आईनं तिला तसंच सांगितलं होतं. पण आई खोटं बोलत नाही, असं मी मघाशी लिहिलं. आता काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

मी नरसाबाईला खरं सांगितलं. तिची बोटं थांबली. विडी अर्धवट वळलेली तशीच चिमटीत राहिली. त्या संध्याकाळी तिनं झाकलेली वाटी परत पाठवली. आईनं ती पुन्हा तिकडे नेली. ती पुन्हा परत आली. मग आईनं दोन्ही वाट्या एका फडक्यात बांधल्या, फडकं देवाच्या फळीवर ठेवलं आणि जाहीर केलं, "नरसा खाईल तवा मी खाईन."

झालं! चौकात उपोषणाच्या गोष्टी मी करायच्या आणि उपोषण आमच्याच घरात सुरू झालं. तात्यांनी समजावलं, ओरडले, शेवटी हात जोडले. "आगं, सरकारबी इतकं आडून बसत न्हाई," म्हणाले. आई शांतपणे भाकरी थापत होती आणि मधूनच खोकत होती, आणि प्रत्येक खोकल्याला तात्या माझ्याकडे बघत होते. दिवस चालले होते. माझी आई माझ्या डोळ्यांसमोर मरायला बसली होती, आणि तिच्यावर काढायला माझ्याकडे पत्रक नव्हतं.

वाट सापडली ती विड्यांच्या कामातूनच. आमच्या गल्लीत एक चाल होती. चेकरनं एखादीच्या चांगल्या विड्या मुद्दाम खराब म्हणून काढल्या, तिला धमकावलं, की दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या बायका सूप पालथं घालून दारात बसायच्या. कुणी काम करायचं नाही, कुणी बोलायचं नाही. चेकर विचारत यायचा, कुणी सुरू केलं? सगळ्यांची सूपं पालथी, कुणाकडे बोट दाखवणार? एका सकाळी मी कॉलेजला निघाले तर आई दारात बसलेली आणि मांडीवर सूप पालथं.

समोरून शेवंताबाई ओरडली, "काय गं, काय केलं मेल्या चेकरनं?"

"चेकरचं न्हाई," आई म्हणाली. "छातीचं हाय. आज समद्या जाऊ. खोकला कुनाला न्हाई हितं? समद्या बसल्या बाकावर तर कोन कुनाला नावं ठेवल?"

शेवंताबाईनं हातातली कात्री खाली ठेवली. "आन् माजा नुसता तंबाखूचा निघाला तर?"

"तर तू आमाला हसत बस."

"हसन की!" असं म्हणून शेवंताबाईनं आपलं सूप पालथं घातलं. मग पलीकडचीनं. मग तिच्या पलीकडचीनं. शेवटी भिंतीपलीकडून सूप जमिनीवर टेकल्याचा आवाज आला आणि नरसाबाई डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली. पुष्पानं गणपतबाबाला हाताला धरून आणलं. बाजारातून आमचं लटांबर निघालं तसे दुकानदार बघायला लागले. मी सवयीनं घोषणेसाठी हात वर केला. आईनं तो खाली ओढला. "गप चल. देवाला चाललोय असं चल."

दवाखान्याच्या दारात कंपाउंडर घाबरला. "मोर्चा आणलात का?"

"मोर्चा कुटला? खोकला हाय आमाला," शेवंताबाई म्हणाली आणि पुरावा म्हणून खोकून दाखवलं.

बाकावर जागा पुरली नाही. बायका जमिनीवर बसल्या, व्हरांडाभर, आणि पदर कुणीच तोंडावर ओढला नाही. डॉक्टर बाहेर आले, एकदा सगळ्यांकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. मी त्यांना पुडीचं खरं सांगितलं. त्यांनी थुंकीच्या डब्यांचा खोका मागवला. मग म्हणाले, "मी फेकतात म्हणालो होतो." एवढंच. आणि डब्या वाटायला बसले.

निकाल आले. शेवंताबाईचा खरोखरच तंबाखूचा निघाला. ती पुढं जन्मभर आम्हाला हसली. नरसाबाईचा क्षय निघाला, गणपतबाबाचा निघाला, आणखीही काही जणींचा निघाला. आणि मग डॉक्टरांनी सांगितलं की नव्या रुग्णांची औषधं वरून यायची आहेत. आज आहे ती पुडी फक्त आधीपासून नाव असलेल्यांची.

"मंग आक्काचीच पुडी समद्यांत..." कुणीतरी म्हणालं.

"नाही!" डॉक्टरांनी टेबलावर हात आपटला. मग आवाज खाली आणला. "बाई, दोन अर्ध्या विड्या मिळून एक विडी होते का? अर्ध्या औषधानं तो जंतू मरत नाही, उलट शहाणा होतो. मग पुढं पूर्ण दिलं तरी ऐकत नाही. ज्या बाईचं औषध आहे ते त्याच बाईनं पूर्ण खायचं. दुसरीनं बघत बसायचं. कठीण आहे, मला माहीत आहे."

मी पुन्हा पेटले, पण या वेळी त्यांच्यावर नाही. आमचा गट सरकारी कचेरीच्या पायऱ्यांवर जाऊन बसला. त्या वेळचं पत्रक मला तोंडपाठ आहे, कारण ते माझं सर्वांत छोटं पत्रक: 'दरवाज्याबाहेर थकवा, दरवाज्याआत क्षय. औषध एकच. आम्हाला पूर्ण द्या.' गटातल्या मुलांनी विचारलं, साम्राज्यवाद कुठं आहे यात? मी म्हटलं, शोधा. औषधं आली. उशिरा आली. गणपतबाबा त्याआधीच गेला. नरसाबाईला मिळाली, तिनं ती पूर्ण घेतली, एक फुप्फुस कायमचं अधू राहिलं तरी उभी राहिली आणि पुष्पाच्या लग्नाला सोलापूरला गेली. तिथं तिला कळलं की विहीणबाईही विड्या वळतात, आणि त्यांनाही तोच खोकला आहे. परत आल्यावर हे सांगताना ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

आज मी स्वतः सावेडीत राहते, मुलाच्या फ्लॅटमध्ये. आमच्या इमारतीखाली रक्त तपासायची लॅब आहे, समोर दोन हॉस्पिटलं, औषधाची दुकानं तर किराण्याच्या दुकानांहून जास्त. माझा रक्तदाब एवढासा वाढला तरी सून गाडी काढते. आणि गेल्याच महिन्यात मी जुन्या गल्लीत गेले, तर एका दारात एक तरुण बाई खोकत होती. मी विचारलं, दाखवलंस का? म्हणाली, धुळीचा आहे, काकू. फक्त तंबाखूच्या जागी धूळ आली. मी तिला तिथल्या तिथं हाताला धरून नेलं. म्हातारपणी माणसानं शांत व्हावं म्हणतात. कशाला?

पण मला सांगायचं आहे ते त्या मधल्या दिवसांचं, जेव्हा आईची पुडी आली होती आणि नरसाबाईची यायची होती. फडक्यातल्या वाट्या दवाखान्यात परत गेल्या होत्या. नवी पुडी फळीवर होती, आणि आई तिला हात लावत नव्हती. तिनं नाही म्हटलं नाही; फक्त जेवण झालं की उठून भांडी घासायला जायची, तंबाखू निवडायची, कुणाच्या तरी दारात जाऊन बसायची. मी पुडी घेऊन मागं मागं. "खाते की, खाते की," म्हणायची. तिसऱ्या की चौथ्या दुपारी नरसाबाई आमच्याकडे आली. हातात पाण्याचा तांब्या होता. ती आईच्या समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसली, पहिल्या आठवड्यात विडी शिकवायला बसली होती तशी नव्हे, तर भांडायला बसावी तशी.

"उघड पुडी, आक्का."

"तुजी आली की दोघी..."

"माझी येईल तेव्हा येईल. तू मेलीस तर मी कुणाकडे येऊ?"

आईनं पुडी उघडली. गोळ्या तळहातावर घेतल्या, आणि सवयीनं तिचं बोट त्यांच्या मधोमध गेलं, इकडे-तिकडे करायला. नरसाबाईनं तिचं बोट धरलं, बाजूला केलं आणि तिची मूठ मिटून तोंडाशी नेली. आईनं गोळ्या तोंडात टाकल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यावरच तांब्यातलं पाणी प्याली. माझ्या आठवणीत माझ्या आईनं शेजारणीसमोर बसून, तिला न देता काही खाल्लं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

"आ कर," नरसाबाई म्हणाली.

आईनं आ केला.

"जीभ उचल."

आईनं जीभ उचलली. नरसाबाईनं वाकून नीट बघितलं, या गालात, त्या गालात. मग तांब्या उचलला, दाराशी जाऊन एकदा पोटभर खोकून घेतलं आणि वळून म्हणाली, "उद्या याच वेळेला येते. घरात राहा."